‘मग ओळखलं कसं?’

तापीकाठच्या एका तालुका कोर्टात अडीच वर्षांपासून वकिली करणाऱ्या एका ताईंचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं देतो.

बांधावरून मारहाणीचं प्रकरण. भारतीय न्याय संहितेचं कलम 118(1), बचाव ताईंच्याच हातात. फिर्यादीचं म्हणणं असं: रात्री अकराला मोटर चालू करायला मळ्यात गेलो, तेव्हा शेजारच्या वावरवाल्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने मारलं. उलटतपासात फिर्यादीने दोन गोष्टी मान्य केल्या. वेळ रात्रीची होती आणि जवळच्या खांबावर दिवा नव्हता. इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग ताईंनी विचारलं, ‘मग तुम्ही आरोपीला ओळखलं कसं?’ फिर्यादी म्हणाला, ‘माझ्या हातात बॅटरी होती, आणि वीस वर्षांचा शेजार आहे, आवाज ओळखतोच की.’ सरकारी वकील गालातल्या गालात हसले. वेळ संपली, उलटतपास अपुरा राहिला, पुढची तारीख पडली. संध्याकाळी सिनियर म्हणाले, ‘ट्रायल तुझ्या स्वभावात नाही. नोटरी घे, खरेदीखतं कर.’ ताई विचारतात: हे काम अंगातच असावं लागतं का? आवाज बारीक, इंग्रजी बेताचं, म्हणजे मी चुकीच्या जागी आले का?

ताई, आधी तारखेचं बोलू, कारण तुमचा उलटतपास अजून उघडा आहे आणि वाटतं तेवढं काही बिघडलेलं नाही.

‘कसं’ आणि ‘का’ या दोन शब्दांनी प्रश्न सुरू झाला की बोलण्याची सूत्रं साक्षीदाराकडे जातात. सरकार पक्षाने सरतपासात (आपल्या साक्षीदाराला आधी स्वतः विचारताना) जे विचारायचं राहून गेलं होतं, ते त्याने तुमच्या प्रश्नावर भरून दिलं. ‘अंधार होता, खांबावर दिवा नव्हता’ एवढं नोंदीत आल्यावर तुमचं काम झालं होतं. ‘या अंधारात ओळख पटणं शक्य नव्हतं’ हे वाक्य युक्तिवादाचं आहे. ते न्यायाधीशांपुढे तुम्ही म्हणायचं असतं. साक्षीदाराकडून वदवून घ्यायला गेलात की तो नेमकं उलटं बोलणार, कारण तो तुमच्या विरोधातला माणूस आहे.

म्हणून आधी युक्तिवाद लिहा, प्रश्न नंतर. एका पानावर पाच-सहा वाक्यं पुरतात. ही वाक्यं निकालपत्रात दिसावीत असं तुम्हाला वाटतं, म्हणून लिहायची. प्रत्येक वाक्याखाली लिहा की याला आधार कुठला: कोणता साक्षीदार, कोणती निशाणी (पुराव्यात घेऊन क्रमांक दिलेला कागद), जबाबातली कितवी ओळ. ज्या वाक्याला आधार सापडत नाही, त्याच्यापुरतेच प्रश्न तयार करायचे. जे कागदावर आधीच आहे, ते साक्षीदाराला पुन्हा विचारून पातळ करू नका. असं केलं की चाळीस प्रश्नांची यादी बारा-पंधरावर येते.

आता त्या बॅटरीकडे वळू. पोलिसांनी टिपलेली फिर्याद आणि फिर्यादीचा पुरवणी जबाब असेल तर तो, दोन्ही काढा. बॅटरीचा उल्लेख आहे का? घटनास्थळ पंचनाम्यात, जप्तीत बॅटरी आहे का? कुठेच नसेल तर बॅटरी पहिल्यांदा कोर्टात उगवली, आणि पुढच्या तारखेला विचारायचा प्रश्न असा: ‘तुमच्या हातात बॅटरी होती, ही गोष्ट तुम्ही पोलिसांना सांगितली होती?’ याची दोनच उत्तरं संभवतात. ‘नाही’ म्हणाला तर प्रश्न मिटला, आज नव्याने सांगतोय. ‘हो’ म्हणाला तर पुढचं विचारा: ‘फिर्यादीत तसं लिहिलेलं नाही, याचं काही कारण सांगू शकता?’ आपल्या कोर्टात याचं ठरलेलं उत्तर येतं, ‘त्याचे कारण मला सांगता येणार नाही.’ तिथे थांबा. इथे ‘का’ चालतो, कारण कारण काहीही सांगितलं तरी कागद बदलत नाही. दोन्हीपैकी कुठलंही उत्तर आलं तरी आपल्या कामाचं, असे प्रश्न निर्धास्त विचारावेत.

हे एवढ्यावर सोडलं तर मात्र मेहनत वाया जाईल, आणि तालुका कोर्टांत नेमकी इथेच सर्वात जास्त चूक होते. साक्षीदाराने ‘मी पोलिसांना सांगितलं होतं’ असं म्हटलं, तर तपासी अंमलदार साक्षीला येईल तेव्हा त्याला विचारावंच लागतं: ‘फिर्यादीने बॅटरीबद्दल तुम्हाला सांगितलं नव्हतं, हे खरं?’ तो ‘हो’ म्हणाला की वगळलेली बाब, म्हणजे पोलिसांना न सांगता कोर्टात नव्याने आलेली गोष्ट, शाबीत झाली. तपासी अंमलदार वर्ष-दीड वर्षाने येतो, तोवर आपल्याला आठवत नाही, आणि युक्तिवादात न्यायाधीश विचारतात, ‘हे अंमलदाराला विचारलंत का?’ फाईलच्या पहिल्या पानावर ‘तपासी अंमलदाराला विचारायचे’ असा कागद आजच लावा आणि प्रत्येक साक्षीनंतर त्यात भर घाला.

वगळलेली बाब वेगळी आणि विसंगती वेगळी. जबाबात एक लिहिलंय आणि कोर्टात दुसरं सांगितलं, ही विसंगती. तिची रीत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 148 मध्ये आहे, आणि पोलीस जबाबापुरती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 181 जोडून वाचायचं. जुन्या पुस्तकांत ही अनुक्रमे 145 आणि 162 म्हणून सापडतील. समजा साक्षीदार कोर्टात म्हणतो ‘तीन फटके मारले’ आणि जबाबात ‘एक फटका मारला’ आहे. आधी ‘तीन’ पक्कं करून घ्या. मग जबाबातलं नेमकं तेवढंच वाक्य शब्दशः वाचून दाखवा आणि विचारा, तुम्ही पोलिसांना असं सांगितलं होतं का. मान्य केलं तर पुढे काही करायला नको. नाकारलं तर तेवढा भाग ‘अ’ म्हणून खुणावून घ्यायचा. तपासी अंमलदार ‘साक्षीदाराने मला तसंच सांगितलं होतं’ असं म्हणाला की त्या भागाला निशाणी क्रमांक पडतो. पूर्ण जबाब दाखवून ‘हा जबाब तुमचा आहे का’ असं मोघम विचारलं तर हातात काहीच येत नाही. ‘खाली सही तुमची आहे का’ असंही विचारू नका. सुरक्षा संहितेच्या कलम 180 खाली पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायचीच नसते, आणि सरकारी वकील तिथेच तुम्हाला गाठतात. फिर्यादीवर सही असते, जबाबावर नसते, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. वगळलेल्या बाबीत खुणवायला काही नसतंच, कारण ती लिहिलेलीच नाही. प्रत्येक वगळलेली बाब विसंगती ठरत नाही हेही ध्यानात घ्या. ती त्या संदर्भात महत्त्वाची असावी लागते, हे कलम 181 च्या स्पष्टीकरणातच आहे. शर्टाचा रंग सांगायचा राहिला यावर अर्धा तास घालवलात तर बॅटरीचं वजनही कमी होतं.

आवाजाचं उत्तर मात्र नोंदीत राहणार. वीस वर्षांच्या शेजाऱ्याचा आवाज ओळखू येतो, हे कुठल्याही न्यायाधीशाला पटेल. त्याच्याशी भांडू नका. आरोपी त्या वेळी काय बोलला, याचे शब्द फिर्यादीत आहेत का एवढं तपासा. एकही शब्द नसेल तर आवाज ऐकला कधी, हा युक्तिवाद तुमच्याकडे तयार आहे. तोही साक्षीदाराला विचारायचा नाही.

जागा पाहिलीत का? पत्रात कुठे दिसलं नाही. पाहिली नसेल तर तारखेआधी जा आणि रात्रीच जा. बांधापासून मोटरच्या खोलीपर्यंतची पावलं मोजा, आणि खोलीवर दिवा आहे का ते बघा. यात एक मेख आहे, ती सांगतो. फिर्यादी मोटर चालू करायला आला होता, म्हणजे त्याच्या म्हणण्याप्रमाणे शेतीच्या फीडरला तेव्हा वीज होती. वीज असेल तर खोलीवरचा दिवाही लागू शकतो. म्हणून उजेडाबद्दल आणखी काही विचारण्याआधी हे माहीत हवं. तुमच्या अशिलाची मोटर त्याच फीडरवर असणार, त्यालाच विचारा: त्या आठवड्यात वीज दिवसा होती की रात्री? दिवसाची पाळी होती असं निघालं तर फिर्यादी रात्री अकराला मळ्यात कशाला आला, हा कहाणीचा पायाच हलतो. उपकेंद्राच्या नोंदी थेट साक्षी समन्स काढून कोर्टात मागवू नका, कारण आलेला कागद तुमच्या विरुद्ध निघाला तर तो सगळ्यांपुढे पडलेला असतो. माहिती अधिकारात अर्ज केला तर उत्तर आधी तुमच्या हातात येतं. त्याची कायद्यातली मुदत 30 दिवस आहे.

आणखी दोन कागद स्वस्तात मिळतात. एक, त्या हंगामातला सातबारा. गाव नमुना 12 मध्ये पीक लिहिलेलं असतं. केळी उभी असेल तर आठ-दहा फूट उंचीच्या पानांतून काय दिसतं, हे रावेर-यावल-चोपड्याकडच्या न्यायाधीशांना निराळं समजवावं लागत नाही. पण ‘त्या रात्री तिथे केळी होती’ हे कागदावर यावं लागतं, कारण साक्ष होईपर्यंत बाग तोडून हरभरा पेरलेला असतो. दुसरा कागद म्हणजे पंचांग. घटनेची तिथी काढा. कृष्ण पक्षातल्या अष्टमीच्या सुमारास चंद्र मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणजे अकराला अंधार. शुद्ध एकादशी-द्वादशी असेल तर अकराला चांगलं चांदणं असतं, आणि मग ‘अंधार’ या बचावावर सगळा डाव लावणं शहाणपणाचं नाही.

अशिलाचा बचाव एकच ठेवा. ‘आरोपी तिथे नव्हताच’ आणि ‘फिर्यादीने आधी मारलं म्हणून झटापट झाली’ ही दोन म्हणणी एका साक्षीदाराच्या अंगावर टाकली की दोन्ही मेली. शेवटी सवयीने पाच-सहा सूचना, म्हणजे ‘असं घडलं, हे खरं?’ अशी आपल्या बाजूची विधानं, विचारून टाकायची पद्धत आहे, तिथे हे घडतं. उलटतपासात बचावाच्या वकिलाने केलेली सूचना आरोपीवर बंधनकारक ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये बाळू सुदाम खळदे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात म्हटलंय. ‘तू शिवी दिलीस म्हणून आरोपीने मारलं’ एवढी एक सूचना गेली की आरोपीची तिथली हजेरी आपणच कबूल केली. बांधाच्या जुन्या वैराचंही तसंच. वैर आहे म्हणून खोटं गुंतवलं असं तुम्ही म्हणाल, आणि वैर आहे म्हणूनच मारलं असं सरकार पक्ष म्हणेल. वैर दुधारी असतं. ते आणायचं तर त्या आठवड्यात फिर्यादीकडे खोटं करायला ताजं कारण होतं, असा काही कागद हवा: मोजणीचा अर्ज, तहसीलदाराकडची हरकत, दिवाणी दाव्याची नोटीस.

सूचना करताना वाक्य होकारार्थी ठेवा. साक्ष सलग कथनासारखी लिहिली जाते. तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर मिसळून न्यायाधीश स्टेनोला सांगतात. ‘तुम्ही तिथे नव्हता, बरोबर?’ यावर साक्षीदार नुसतं ‘नाही’ म्हणाला तर नोंद काय व्हावी? ‘मी तेथे नव्हतो असे म्हणणे खरे नाही’ होईल, किंवा नेमकं उलटही होईल. ‘तुम्ही त्या वेळी घरी होता, हे खरं?’ असं विचारलं की गोंधळ उरत नाही. महत्त्वाचं उत्तर प्रश्नोत्तराच्या रूपात घ्यावं अशी विनंती करता येते. तसं घेणं कोर्टाच्या मर्जीवर आहे, म्हणून सगळ्या साक्षीत एक-दोनदाच मागा. पुढचा प्रश्न शोधत फाईल चाळण्याऐवजी, काय लिहून घेतलं जातंय ते कान देऊन ऐका. शब्द चुकला तर तिथल्या तिथे, शांतपणे, ‘सर, साक्षीदार असं म्हणाले’ एवढंच म्हणा.

भाषेचं बोलायलाच हवं, कारण खान्देशात त्यावर निकाल फिरतात. साक्षीदार अहिराणीत बोलतो आणि नोंद प्रमाण मराठीत होते. तो ‘मना भाऊ’ म्हणाला की लिहिलं जातं ‘माझा भाऊ’. सख्खा, चुलत की भावकीतला, हे कुणी विचारत नाही. मारहाणीच्या खटल्यात त्याने साक्षीदाराचं नातं बदलतं, आणि वाटणीच्या दाव्यात तर वंशावळच चुकते. वेळेचंही असंच आहे. जबाबात पोलीस ‘19.15 वाजता’ लिहितात, माणूस म्हणालेला असतो ‘दिवेलागणीला’. घड्याळाच्या या नेमकेपणावर साक्षीदाराला खोटं पाडणं सोपं असतं, पण न्यायाधीशही इथलीच साक्ष रोज ऐकतात आणि त्यांना ते कळतं. खऱ्या फरकासाठी ताकद राखून ठेवा. तुम्हाला अहिराणी येते ना? मग इंग्रजी बेताचं असल्याचं दुःख निम्मं कमी करा. निवाडे वाचता येण्याइतकं इंग्रजी मात्र कमवावं लागेल. रोज एका निवाड्याची दोन-तीन पानं शब्दकोश घेऊन वाचलीत तरी वर्षभरात फरक पडतो. संभाजीनगर खंडपीठात जायचं असेल तेव्हा बोलण्याचं बघू.

आवाज बारीक असल्याने काही अडत नाही. नोंदीत आवाज उमटत नाही, शब्द उमटतात. साक्षीदारावर ओरडलं की न्यायाधीश त्याच्या बाजूने झुकतात आणि त्याला विचार करायला वेळही मिळतो. स्टेनोला ऐकू जाईल एवढा आवाज पुरे. सावकाश बोला, एका प्रश्नात एकच गोष्ट ठेवा.

दिवाणी कामाकडे जाल तेव्हा तिथली गोम वेगळी आहे. सरतपास शपथपत्रावर येतो, आणि खरी लढाई कागदाला निशाणी पडते त्या क्षणी होते. झेरॉक्स आहे, लिहून देणाऱ्याला साक्षीला आणलं नाही, अशी कागद शाबीत करण्याच्या रीतीबद्दलची हरकत कागद दाखल करून घेतानाच घ्यावी लागते. नंतर ती ऐकत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2003 च्या व्यंकटाचल गौंडर प्रकरणात हे स्पष्ट केलंय. मुद्रांकाचं तर आणखी कडक. कमी मुद्रांकाचं वाटणीपत्र किंवा सौदापावती एकदा पुराव्यात वाचली गेली की महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम 35 मुळे त्या कारणावरून पुन्हा प्रश्न काढता येत नाही. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या कोर्टात असाल आणि ज्युनियर मित्र नुसता उभा राहिला असेल, तर दाव्याचं नुकसान तिथेच होतं. मोबाइलवरचे फोटो, व्हॉट्सअ‍ॅप, सीसीटीव्ही दाखल करताना साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. नव्या कायद्यात त्याचा नमुनाच परिशिष्टात दिलाय. भाग अ पक्षकाराचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश मूल्य (फाईलची ओळख पटवणारा, ती बदलली की बदलणारा संकेतांक) लागतं.

आता वागणुकीचं. हा विषय कोरडा वाटतो, पण तालुक्याला दोन-तीन न्यायाधीश असतात आणि ते तुम्हाला महिन्यातून वीस वेळा पाहतात. तुमचा शब्द खरा निघतो की नाही, याचं मत पहिल्या सहा महिन्यांत बनतं. विरुद्ध जाणारा निवाडा माहीत असेल तर लपवू नका, आपल्या प्रकरणात तो का लागू नाही ते सांगा. पंधरा निवाड्यांचा गठ्ठा देण्यापेक्षा दोन द्या, नेमक्या परिच्छेदावर खूण करून. मुदतीचा अर्ज खऱ्या कारणासाठीच द्या, आणि समोरच्या वकिलांना आदल्या संध्याकाळी कळवा. साक्षीदार अक्राणी-अक्कलकुव्याकडून एसटी बदलत, मजुरी बुडवून आलेला असेल आणि आपण ‘तयारी नाही’ म्हणून उभे राहिलो, तर कोर्ट ते विसरत नाही. आपल्या साक्षीदाराला त्याचा कागद वाचून दाखवणं, कोर्टात कुठे उभं राहायचं ते सांगणं ही तयारी झाली. त्याला उत्तरं पाठ करायला लावणं गैर आहे आणि ते पकडलंही जातं, कारण दोन साक्षीदार एकच वाक्य एकाच क्रमाने बोलतात. समोरच्या पक्षकाराला वकील असेल तर त्याच्याशी प्रकरणाबद्दल परस्पर बोलायचं नाही. बार कौन्सिलच्या नियमांत हे आहे, आणि गावातल्या लग्नात, बाजारात तो मोडायला वेळ लागत नाही.

अशिलाला ‘केस आपली आहे, काळजी सोडा’ असं कधीही म्हणू नका. फी किती, कशाची, किती आली, याची वही ठेवा आणि पावती द्या. तडजोडीचे पैसे तुमच्या हातातून जाणार असतील तर त्याच दिवशी लेखी पोच घ्या. फी थकली म्हणून फाईल अडवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2000 साली आर. डी. सक्सेना प्रकरणात तेच ठरवलंय.

सिनियरांबद्दल मन कडू करू नका, पण त्यांचं म्हणणं ऐकू नका. त्यांनी तुम्हाला न शिकवता उलटतपासाला उभं केलं असेल तर चुकीतला काही वाटा त्यांचाही आहे. महिन्यातून चार दिवस अमळनेर, भुसावळ किंवा जळगावच्या सत्र न्यायालयात साक्षी चालू असताना मागे बसा. वकिलांनी काय विचारलं यापेक्षा काय विचारलं नाही ते लिहून काढा. निकाल लागल्यावर त्याच खटल्याचं निकालपत्र ई-कोर्ट्सवर काढून बघा, त्या उलटतपासातल्या किती ओळी न्यायाधीशांनी वापरल्या. बहुतेक वेळा तीन-चारच निघतात.

तारखेला जाताना बॅटरीचे दोन-तीन प्रश्न, पीक, आणि बचावाची एक सूचना एवढंच घेऊन जा. पंधरा-वीस मिनिटांत संपेल. मग साक्षीदाराला टाईप झालेली साक्ष वाचून दाखवतात, तेव्हा चहाला बाहेर जाऊ नका. दुरुस्त्या तिथे होतात. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र याच आठवड्यात टाका, म्हणजे तपासी अंमलदार येईपर्यंत उत्तर तुमच्या फाईलला असेल.